मागे सरकणाऱ्याचे गुडघे

गेल्या हिवाळ्यात आमच्या गावात मॅटवर रात्रीची कबड्डी रंगली होती. डाव्या कोपऱ्यावर आमच्याच आळीतला पोरगा होता. चढाईवाल्यावर नजर रोखून तो दोन पावलं मागे सरकला आणि झेप घ्यायला गर्रकन वळला. अंग वळलं, बूट मात्र मॅटला चिकटून राहिला. ‘कट्’ असा आवाज पहिल्या रांगेत बसलेल्या आम्हाला स्पष्ट ऐकू आला. गुडघ्यातला अस्थिबंध तुटला होता.

तेव्हापासून बचाव करणाऱ्या खेळाडूंच्या गुडघ्यांबद्दल मिळेल ते वाचत सुटलो आणि थेट आइस हॉकीपर्यंत पोचलो. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जाणाऱ्या आमच्या मुलखात हा खेळ कोण पाहणार! पण त्यातला डिफेन्समन, म्हणजे बचावपटू, मला एकदम ओळखीचा वाटला. त्यालाही समोरच्यावरची नजर न हटवता मागे जावं लागतं, तेही बर्फावर, भरवेगात.

हे जमतं ते बुटाखालच्या पात्यामुळे. पातं जेमतेम तीन मिलिमीटर जाड असतं. खालून त्याला लांबीभर पन्हाळीसारखी खोबण असते, म्हणून दोन्ही काठांना धार येते. नांगराचा फाळ तासात सरळ चालतो, पण आडवा ढकलायला जा, हलत नाही. पात्याचंही तसंच आहे. लांबीच्या दिशेने घर्षण नगण्य, आडव्या दिशेने मात्र धार बर्फात रुतते. बचावपटू आतल्या धारेने बर्फावर अर्धवर्तुळं काढत स्वतःला मागे रेटतो, त्यासाठी पाय उचलावाही लागत नाही.

अंगाच्या भाराने बर्फ वितळतो म्हणून पाय घसरतो, असं पूर्वी शिकवत. पण त्या दाबाने बर्फाचा वितळणबिंदू फार थोडा खाली येतो. उणे पाच अंशांच्या बर्फावर माणूस घसरतो, त्याचा उलगडा तेवढ्याने होत नाही. बर्फाच्या पृष्ठभागावर मुळातच पाण्यासारखा अतिशय पातळ थर असतो, हे मायकेल फॅरेडे यांनी १८५० मध्येच सुचवलं होतं. त्यात घासण्याच्या उष्णतेची भर पडते.

पण जी धार आधार देते, तीच घातही करते. धार रुतलेली असताना धडक बसली, तर सगळा पीळ गुडघ्यावर येतो. बॉस्टन ब्रुइन्स या अमेरिकेतल्या आइस हॉकी संघाचा बॉबी ऑर हा बचावपटूच. सगळ्यांत भारी बचावपटूला मिळणारी नॉरिस ट्रॉफी त्याने सलग आठ वेळा जिंकली. त्या काळात गुडघ्यातली फाटलेली गादी सरळ कापून काढत. ती गेली की हाडांवरच्या कूर्चेवर भार येतो, आणि कूर्चेला स्वतःचा रक्तपुरवठा नसल्याने तिची झीज सहसा भरून निघत नाही. शस्त्रक्रियांमागून शस्त्रक्रिया झाल्या आणि ६५७ सामन्यांनंतर, १९७८ मध्ये, अवघ्या तिसाव्या वर्षी ऑर थांबला. हे वाचून मला खरंच वाईट वाटलं.

त्याच बॉस्टनसाठी पुढे झ्देनो चारा खेळला. स्लोव्हाकियाचा, उंची २०६ सेंटिमीटर. तो पंचेचाळिसाव्या वर्षापर्यंत, १६८० सामने टिकला. २०१२ मध्ये एका कौशल्य स्पर्धेत त्याने मारलेला फटका ताशी १७५ किलोमीटरच्या वेगाने गेला. या फटक्यात काठी आधी पकच्या, म्हणजे रबरी चकतीच्या, किंचित मागे बर्फावर आपटते आणि वाकते. बांबूची कमची वाकवून सोडावी तशी मग ती साठलेला जोर पकला देते. पक वजनाला साधारण क्रिकेटच्या चेंडूएवढी. तराजूतलं पाच किलोचं वजन चार मीटरवरून पडलं तर जेवढी ऊर्जा, जवळपास तेवढी त्या फटक्यात होती. असले फटके अंगावर झेलणं हेही बचावपटूचंच काम. हे सगळं भरवेगात चालतं, म्हणून तो एका दमात पाऊण-एक मिनिटच खेळतो आणि बाकावर येऊन दम घेतो.

आमचा पोरगा आता पट्टा बांधून रोज संध्याकाळी मैदानाच्या कडेला उभा असतो. लहान पोरं मागे सरकायला लागली की ओरडतो, “चवड्यावर राहा बे! आधी पाय उचल, मंग वळ!”