किबुत्झ वेगळा, मोशाव वेगळा: पैसा कोणाच्या खात्यात जातो ते विचारा

कृषी मेळावा असो की गटशेतीची सभा, मंडपात कोणीतरी माईक धरतो आणि सुरू होतो, ‘इस्राएलात पाहा, किबुत्झ! प्रत्येकाची शेती आपापली, पण खरेदी-विक्री मिळून.’ मी वरुडकडचा संत्रावाला. अभ्यास दौऱ्यात आठ दिवस तो देश पाहून आलो, तेव्हापासून हे ऐकलं की डोकं फिरतं. अहो भाऊ, वर्णन करता मोशावचं आणि नाव घेता किबुत्झचं. दोन्ही तिथल्या सहकारी शेतीवसाहती, पण किबुत्झात शेती सगळ्यांची मिळून एक असते.

मोशाव समजायला आपली गावातली, पीककर्ज देणारी सोसायटी आठवा. ती तुम्हाला सांगायला नको: खत, पीककर्ज, मार्चमधलं नवं-जुनं (जुनं कर्ज फेडून नवं उचलणं), निवडणुकीतली दोन पॅनल. तिच्यात विक्रीही धरा, की मोशाव जवळपास आला. पहिला मोशाव नहलाल, १९२१ चा. त्याचा वरून काढलेला फोटो पाहिला तर बैलगाडीचं चाक दिसतं. मध्ये सार्वजनिक इमारती, भोवती घरं, आणि घरामागून आऱ्यांसारखी बाहेर पसरत गेलेली एकेका कुटुंबाची शेती. पहिला किबुत्झ देगानिया, गॅलिलीच्या सरोवराकाठी, १९१० चा. मोशे दायान, तो डोळ्यावर पट्टी बांधणारा सेनापती, जन्मला देगानियात आणि वाढला नहलालमध्ये. आज किबुत्झ सुमारे २७० आहेत, मोशाव चारशेच्या वर.

लोक घसरतात ते जमिनीवर. त्यांना वाटतं, किबुत्झची जमीन सरकारी आणि मोशावची खासगी. तसं नाही. त्या देशातली सुमारे ९३ टक्के जमीन सरकारी यंत्रणेच्या ताब्यात आहे, त्यामुळे दोन्हीकडे शेती साधारण भाडेपट्ट्यावरचीच. आमच्या बसमधल्या एका काकांनी सातबारा कसा असतो म्हणून तीनदा विचारलं. त्यांना काही तो दिसला नाही. वर्ग दोनची, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी, जमीन ज्यांच्याकडे आहे त्यांना हे लवकर उमगेल. म्हणजे जमिनीवरून दोन्हींतला फरक कळणारच नाही.

तो कळतो पैशावरून. माल विकला की रक्कम कोणाच्या खात्यात पडते, एवढंच विचारायचं.

समजा, तुमचा संत्र्याचा आंबिया बहार आहे आणि माझाही. तुम्ही वेळेवर पाणी दिलं, फवारणी केली, फळ टिकलं. मी लग्नसराईत फिरत बसलो आणि माझ्याकडे फळगळ झाली. मोशावात तुमच्या फळाचे पैसे संस्थेमार्फत तुमच्या खात्यात येणार आणि माझं खातं कोरडं राहणार. मूळच्या किबुत्झात ‘तुमचा बहार’ असं काही नसतंच. बाग सगळ्यांची. आज तुमचं नाव बागेच्या यादीत, पुढे कधी गोठ्याच्या, कधी भांडी घासायच्या. आलेला पैसा एका तिजोरीत जाणार. घर, जेवण, कपडे, औषधपाणी तिच्यातूनच मिळणार, आणि ते मलाही तुमच्याइतकंच. जेवण एकाच मोठ्या भोजनगृहात. जुन्या काळी मुलंसुद्धा आईबापांजवळ न झोपता मुलांच्या वेगळ्या घरात झोपायची. आता मंडपात हात वर करून सांगा, यातलं कोणाला पाहिजे? आपल्याकडे सहा जणांच्या गटात ट्रॅक्टर आधी कोणाच्या वावरात जाणार यावरून दोन भाऊ बोलेनासे झालेले मी पाहिले आहेत.

हेच माप इथल्या गोष्टींनाही लावा. शेतकरी उत्पादक कंपनी मोशावच्या वळणाची: शेती ज्याची त्याची, विक्री मिळून. विनोबांचं ग्रामदान ऐकायला किबुत्झ वाटतं, कारण जमिनीची मालकी गावाकडे जाते. पण कसतो ज्याचा तो, पीकही ज्याचं त्याचं. त्यामुळे तेही मोशावकडेच झुकतं. ठिबकची गोष्ट मात्र खरी किबुत्झची. नेगेवच्या वाळवंटातल्या हात्झेरीम किबुत्झाने १९६५ मध्ये ठिबकचा कारखाना काढला, आणि त्याचा नफा कोणा एका शेतकऱ्याचा नव्हता, सगळ्या किबुत्झाचा होता.

आणि हे सगळं सांगताना ‘मूळच्या’ हा शब्द विसरू नका. आज बहुतेक किबुत्झांत कामाप्रमाणे कमीजास्त पगार मिळतो. कारण कर्ज. १९८४ मध्ये तिथली महागाई चारशे टक्क्यांच्या वर गेली होती. १९८५ मध्ये सरकारने ती आवळली, व्याज भडकलं आणि उधारीवर कारखाने काढलेले किबुत्झ बुडायला आले. १९८९ मध्ये सरकार, बँका आणि किबुत्झ यांच्यात करार होऊन काही कर्ज माफ झालं, काहींचे हप्ते पाडले. ‘तिथला शेतकरी कर्जमाफी मागत नाही’ असं ठोकून देणाऱ्यांसाठी हे मुद्दाम लिहितो.

मोशाववाले तरी कुठे सुटले? तिथे एकमेकांना जामीन राहण्याची पद्धत होती. शेजारी थकला की त्याचा बोजा तुमच्या डोक्यावर, मग तुमचा हप्ता वेळेवर का गेलेला असेना. शेवटी १९९२ मध्ये त्यांच्या कर्जासाठी संसदेला कायदा करावा लागला.

मागच्या महिन्यात समाजमंदिरात हे सांगत होतो. खाती वेगळी म्हणताच माना डोलल्या. जामिनावर आलो तसे मागच्या सतरंजीवरचे दोघं उठले. पहिला म्हणाला, ‘‘भाऊ, येतो जरा, ओलिताची लाइन आली.’’ दुसरा काही न बोलता त्याच्या मागे गेला. पहिल्याच्या कर्जाला हाच जामीन आहे.