टाळेबंदी, लॉकडाऊन आणि ले-ऑफ : साथीच्या काळातील वेतनाच्या दाव्यांची पार्श्वभूमी

गोव्यात कोविडच्या साथीच्या काळात थकलेल्या वेतनाची फाईल हाती घेतली की पहिला अडथळा एका शब्दाचा येतो. कामगार मराठीत अर्ज लिहून आणतो : ‘टाळेबंदीच्या काळातले वेतन मालकाने दिले नाही.’ त्याच्या मनात २५ मार्च २०२० पासूनचे सरकारी लॉकडाऊन असते. पण कामगार कायद्याच्या मराठीत ‘संप व टाळेबंदी’ ही जुनी जोडी आहे आणि तिथे टाळेबंदी म्हणजे मालकाने स्वतःहून दाराला लावलेले कुलूप. २०२० साली मराठी छापील मजकुरात दोन्हींसाठी हाच शब्द चालला. पॅरालीगलने (वकिलाच्या हाताखालच्या, स्वतः वकील नसलेल्या साहाय्यकाने) इंग्रजी मसुदा करताना तो कोशातून जसाच्या तसा उचलला, तर न दिलेल्या वेतनाचा साधा दावा मालकावरचा बेकायदा टाळेबंदीचा आरोप होऊन बसतो. मालकाचा पहिला जबाब मग एवढाच असतो की कुलूप मी लावलेच नाही, सरकारने लावले. मूळ मागणी बाजूला पडते.

साथ आणि गोवा यांचे नाते जुने आहे. रोगराईनेच जुने गोवे ओस पडले आणि १८४३ मध्ये पणजी राजधानी झाली. मुंबईत १८९६ साली प्लेग आला आणि पुढच्याच वर्षी, १८९७ चा साथरोग कायदा झाला. तो अवघ्या चार कलमांचा. त्यात सरकारला अधिकार आहेत, आज्ञा मोडणाऱ्याला शिक्षा आहे, सद्हेतूने काम करणाऱ्या अधिकाऱ्याला संरक्षण आहे. मालक आणि नोकर यांच्याबद्दल एक ओळ नाही. गोवा तेव्हा पोर्तुगीज अमलाखाली होता. भारतीय कायदे, कामगार कायद्यांसह, इथे १९६१ नंतर टप्प्याटप्प्याने आले. त्यामुळे २०२० मध्ये मालकाचे कर्तव्य नेमके कुठे लिहिलेय हे शोधताना साथरोग कायदा फारसा उपयोगी पडला नाही. जे काही होते ते २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली निघालेल्या आदेशांत होते.

त्यातला सर्वांत वादग्रस्त आदेश केंद्रीय गृहखात्याचा, २९ मार्च २०२० चा. मुळात तो आपापल्या गावी निघालेल्या स्थलांतरित मजुरांना थोपवण्यासाठी होता. त्यातल्या एका उपकलमाने उद्योग, दुकाने आणि व्यापारी आस्थापने अशा सगळ्या मालकांना बजावले की, लॉकडाऊनमध्ये आस्थापन बंद असेल त्या काळाचे वेतन ठरल्या तारखेला, कोणतीही कपात न करता द्यावे. एवढ्या एका वाक्यात तीन गाठी आहेत. ‘बंद’ या अर्थी त्यात जो इंग्रजी शब्द आहे, त्याची औद्योगिक विवाद कायद्यातली व्याख्या ‘कायमचे बंद करणे’ अशी होती. आदेशाला तर तात्पुरते बंद अभिप्रेत होते. ‘कामगार’ म्हणजे कोण, पर्यवेक्षक आणि व्यवस्थापक त्यात येतात का, हे सांगितलेले नाही. आणि आदेश २९ तारखेचा, लॉकडाऊन मात्र २५ पासूनचे.

ही शेवटची गाठ किती रुपयांची होते ते पाहा. हे आदेश १७ मे पर्यंत टिकले. २५ मार्चपासून मोजले तर ५४ दिवस, २९ मार्चपासून मोजले तर ५०. मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून महिना १४,००० रुपये, २६ दिवसांचा भागाकार आणि रविवारची सुट्टी धरली, तर पहिल्या हिशेबाने ४६ कामाचे दिवस आणि २४,७६९ रुपये होतात. दुसऱ्याने ४२ दिवस आणि २२,६१५. फरकाचे चारही दिवस बुधवार ते शनिवार असे कामाचेच आहेत, म्हणून फरक पुरता २,१५४ रुपयांचा. ले-ऑफच्या (काम देता येत नाही म्हणून कामगाराला तात्पुरते बसवून ठेवण्याच्या) निम्म्या दराने ४६ दिवसांचे १२,३८५ च होतात. दाव्यात नुसते ‘लॉकडाऊन काळातील वेतन’ असे लिहून चालत नाही ते यासाठी. दोन्ही आकडे वेगळे मांडावे, मुख्य मागणी कोणती आणि पर्यायी कोणती हे स्पष्ट करावे. शिवाय २० एप्रिलपासून औद्योगिक वसाहतींतले काही कारखाने अटींवर सुरू झाले. अशा ठिकाणी ‘बंद’ १७ मे च्या आधीच संपतो आणि तारीख परवान्यावरून व हजेरीपटावरून काढावी लागते.

सर्वोच्च न्यायालयाने १२ जून २०२० रोजी हा आदेश वैधही ठरवला नाही आणि रद्दही केला नाही. ५० दिवसांच्या वेतनाबद्दल मालक व कामगारांनी बोलणी करावीत, जमले नाही तर कामगार अधिकाऱ्यांकडे जावे, आणि मालकांवर सक्तीची कारवाई होऊ नये, असा तो अंतरिम मार्ग होता. कागदावर तो समतोल दिसतो. प्रत्यक्षात तो कामगाराला भारी पडला. ज्याच्या हातात पैसे आहेत तो बोलणी लांबवू शकतो, ज्याला खोलीचे भाडे भरायचेय तो नाही. तडजोडीच्या पत्रावर सही घेताना ‘उर्वरित हक्क राखून’ हे तीन शब्द लिहायचे राहिले, की पुढचा दावा तिथेच संपला.

आता ले-ऑफ. कोळसा, वीज, कच्चा माल यांची टंचाई, साठलेला माल, यंत्राचा बिघाड, नैसर्गिक आपत्ती किंवा तत्सम कारणाने मालक काम देऊ शकत नाही, ही त्याची व्याख्या. साथ ही नैसर्गिक आपत्ती मानावी का, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येते. गोव्यात मात्र त्याहून मोठा प्रश्न वेगळाच आहे. निम्म्या वेतनाची ती कलमे फक्त कारखाना, खाण आणि मळा यांना लागू होतात, तीही ५० किंवा अधिक कामगार असतील तरच. किनाऱ्यावरची हॉटेले, उपाहारगृहे, प्रवासी एजन्सी त्यात येत नाहीत. अनेक हॉटेलांनी ‘ले-ऑफ, ५० टक्के’ असे पत्र काढले आणि कामगारांनीही तेच कायद्याने मिळणारे समजून घेतले. १९७६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाप्रमाणे ज्या आस्थापनाला ही कलमे लागू नाहीत आणि ज्याच्या करारात किंवा स्थायी आदेशांत (आस्थापनाच्या सेवाशर्तींच्या नियमांत) ले-ऑफचा अधिकार नाही, त्याला तो अधिकार आपोआप मिळत नाही. म्हणून हॉटेलची फाईल असेल तर नियुक्तीपत्र आणि प्रमाणित स्थायी आदेश आधी मागवावेत, हिशेब नंतर.

आणखी एक फट जूनमध्ये दिसली. गोव्यातले सुरुवातीचे सातही रुग्ण एप्रिलमध्ये बरे झाले होते, १ मे च्या यादीत दोन्ही जिल्हे हिरव्या क्षेत्रात होते. मग वास्कोचा मांगोर हिल प्रतिबंधित झाला. कारखाना चालू आणि कामगार घरात अडकलेला, अशी स्थिती आली. २९ मार्चचा आदेश बंद आस्थापनाचा होता आणि तोवर संपलाही होता. अशा दिवसांपुढे हजेरीपटावर ‘गैरहजर’ पडले की तोच पट पुढे पुरावा म्हणून समोर येतो.

म्हणूनच या कामात तारखांचा तक्ता हे मुख्य हत्यार आहे. प्रत्येक दिवसाला एक ओळ. रकाने असे : तारीख, त्या दिवशी लागू आदेश व त्याचा क्रमांक, आस्थापन बंद की चालू, कामगार कुठे होता, हजेरीपटावरची खूण, दिलेले वेतन, केलेली कपात, कशाच्या नावाने कपात. आदेश व्हॉट्सअॅपवर आलेल्या प्रतीवरून न घेता राजपत्रातून किंवा खात्याच्या संकेतस्थळावरून घ्यावा, कारण फिरणाऱ्या प्रतींत बहुधा शेवटचे पान आणि त्यावरची तारीखच नसते. पाळीचे संदेश, घरी राहा असे सांगणारे ईमेल जोडायचे तर इलेक्ट्रॉनिक नोंदीचे प्रमाणपत्र लागते. नव्या साक्ष कायद्यात त्याचे दोन भाग आहेत आणि हॅश मूल्यही (फाईल बदललेली नाही हे दाखवणारा अंकाक्षरी ठसा) लिहावे लागते. फोनमधला मूळ संदेश पुसला गेला असेल तर नुसत्या छायाचित्राच्या प्रतीवर हे प्रमाणपत्र उभे राहत नाही.

हा तक्ता इतका नेटका हवा याला आणखी एक कारण आहे. औद्योगिक विवाद कायद्याखालच्या समेटाच्या बैठकीत वकिलाला पक्षकारातर्फे उभे राहता येत नव्हते, आणि कामगार न्यायालयातही दुसऱ्या पक्षाची संमती व न्यायालयाची परवानगी लागायची. टेबलावर बसायचे ते कामगार, संघटनेचा माणूस किंवा कंपनीचा अधिकारी. पॅरालीगलने तयार केलेला कागदच तिथे बोलायचा. या माणसाला स्वतःला मात्र कायद्यात धड नाव नाही. विधी सेवेतला ‘पॅरालीगल स्वयंसेवक’ वेगळा आणि कार्यालयातला पगारी पॅरालीगल वेगळा. १९८४ मध्ये केरळच्या दुकान कायद्याखाली वकिलाचे कार्यालय व्यापारी आस्थापन नाही असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. दुसऱ्यांच्या वेतनाचा पै-पैचा हिशेब मांडणाऱ्याच्या स्वतःच्या वेतनाचे संरक्षण इतके पातळ असावे, हे न्याय्य नाही.

दावा दाखल करण्याच्या मुदतीच्या हिशेबात सर्वाधिक चुका होतात. १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीतून वगळला गेला. ज्यांची मुदत त्या काळात संपत होती त्यांना १ मार्च २०२२ पासून ९० दिवस मिळाले, शिल्लक मुदत त्याहून मोठी असेल तर ती मोठी मुदत. सरसकट सगळ्यांना ९० दिवस लावणे ही एक चूक. दुसरी जास्त गंभीर : ही सवलत दावा दाखल करण्यापुरती होती. वेतन ठरल्या तारखेला देण्याचे कर्तव्य तिने एक दिवसही पुढे ढकलले नाही. मालकाच्या जबाबात ही सरमिसळ दिसली तर तिथेच उत्तर द्यावे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत. जुन्या तारखांचे हक्क जुन्याच कायद्याने मोजावे लागतात, पण पुढची साथ आली तर संहिताच उघडाव्या लागतील. त्यांत ‘महामारी’ हा शब्द आता आला आहे. सामाजिक सुरक्षा संहितेत मालक-कामगारांची वर्गणी एका वेळी तीन महिन्यांपर्यंत पुढे ढकलण्यासाठी किंवा कमी करण्यासाठी, आणि सुरक्षा व आरोग्याच्या संहितेत आस्थापनांना सूट देण्यासाठी. १ ऑक्टोबर २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने साथ ही कारखाने कायद्यातली ‘सार्वजनिक आणीबाणी’ नव्हे असे म्हटले होते; सूट नाकारण्याची कामगारांची ती वाट अशी बुजवली गेली. ले-ऑफसाठी पूर्वपरवानगीची मर्यादा १०० कामगारांवरून ३०० वर गेली. ले-ऑफच्या व्याख्येत मात्र अजूनही ‘नैसर्गिक आपत्ती’ एवढेच आहे, महामारी नाही.