टिपेचा, खडा, चोरटा हे समजलं, पण 'बायकी' आवाज म्हणजे काय?

श्रावणात कानबाईच्या रोटांना, म्हणजे खानदेशातल्या कानबाई देवीच्या सणाला, मामाकडे गेलो होतो, अमळनेरजवळ. रात्री जागरणाला डफावर एक जण गात होता, साठीचा असेल, आणि असा वर चढला की मामा एकदम बोलला, "काय टीपना आवाज शे भो याना!" (काय टिपेचा, म्हणजे एकदम उंच, आवाज आहे याचा!) बाजूचा पोरगा म्हणे, "बायकी वाटतो." तेव्हापासून डोक्यात घोळतंय, कारण गाण्यावर लिहिणारे मोठे समीक्षकही पुरुषाचा आवाज उंच गेला की हेच शब्द काढतात, किनरा, पातळ, टोकदार, खडा, चोरटा, बायकी. यातल्या बहुतेक शब्दांमागे गळ्यातली खरी हालचाल आहे, शेवटच्या मागे नाही.

काळी एकमध्ये, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी 'सा' धरून, गाणाऱ्या पुरुषाचा मध्य षड्ज (मधल्या सप्तकातला सा) साधारण १३९ हर्ट्झ, म्हणजे गळ्यातले दोन स्वरतंतू सेकंदाला १३९ वेळा उघडतात-मिटतात. तार षड्जाला, म्हणजे वरच्या सप्तकातल्या 'सा'ला, तेच २७७ वेळा. त्यासाठी स्वरयंत्रातला एक स्नायू या तंतूंना ताणून लांब आणि पातळ करतो, तंबोऱ्याची खुंटी पिळल्यासारखं. आता इथे दोन वाटा फुटतात. तंतूंची जाडी टिकवून, दर वेळी घट्ट मिटवत वर गेलं तर वरचे उपस्वर (मूळ सुरासोबत वाजणारे बारीक उंच सूर) भरपूर येतात आणि आवाज 'खडा' लागतो. पण जाडी सोडून दिली, नुसत्या कडा हलवल्या, तर तंतू नीट मिटत नाहीत, मधून हवा सुटते, उपस्वर कमी होतात, आणि मग आपण म्हणतो आवाज पातळ झाला, चोरून लावला. पाश्चात्त्य लोक याला फॉल्सेटो म्हणतात, शब्दच इटालियनमधल्या 'खोटा' वरून आलाय. मला हे नाव अजिबात पटत नाही, तंतू तेच, फक्त हलायची पद्धत वेगळी, त्यात खोटं काय?

एकाच आवाजाला दोन टोकाची मतं कशी पडतात ते द्युप्रे नावाच्या फ्रेंच गायकाच्या बाबतीत दिसतं. त्याआधीचे गायक सगळ्यात वरचे सूर हलक्या आवाजात लावायचे, यानं १८३१ मध्ये इटलीत आणि १८३७ मध्ये पॅरिसला ५२३ हर्ट्झचा सूर भरल्या छातीनं लावला, म्हणजे आपल्या काळी एकवाल्याच्या अतितार षड्जाच्या जरासा खाली! लोक वेडे झाले, पण ज्याचा ऑपेरा तो गात होता त्या संगीतकार रोसिनीला तो सूर गळा कापलेल्या कोंबड्याच्या ओरडण्यासारखा वाटला असं सांगतात.

'टोकदार'चंही कारण आहे. ऑपेरातल्या तयार पुरुष आवाजात ३००० हर्ट्झच्या आसपास जास्तीचा जोर सापडतो, आणि आपला कान नेमका त्याच भागात सगळ्यात तिखट असतो, म्हणून एकटा गळा माइक नसताना अख्ख्या वाद्यवृंदातून पार जातो. आपल्याकडे किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या (१८७२–१९३७) तबकड्या ऐका, बारीक आवाज आहे, पण सुईसारखा आरपार.

आणि 'बायकी'? बायकांचे स्वरतंतू साधारण १२ ते १७ मिलीमीटर, पुरुषांचे १७ ते २५, पण या शब्दातून ना जाडी कळते, ना मिटणं, ना उपस्वर. बाईचा आवाजही खडा असतो की, जात्यावरच्या ओव्या ऐकल्यात ना?

त्या रात्री मी मुद्दाम पुढे सरकून बसलो. त्याच्या वरच्या सुरात हवा कुठेच सुटत नव्हती, डफाच्या दणक्यातही शब्द न् शब्द कळत होता. मामाचंच बरोबर होतं.