कार्टूनचा कान लाल का दिसतो?

मार्चमध्ये भाच्याला घेऊन सांगलीत एक ॲनिमेशनपट पाहिला. मध्यंतरात मागच्या रांगेतले काका पॉपकॉर्न चघळत म्हणाले, "काय नाही हो, आता सगळं एआय करतंय. बटण दाबलं की पिक्चर तयार." मी गप्प बसलो, पण ते डोक्यातून जाईना. कारण थोड्या वेळापूर्वीच भाच्यानं माझी बाही ओढली होती. "मामा, त्याचा कान लाल का झालाय?" पडद्यावरचा पोरगा गुहेच्या तोंडाशी उभा होता, मागून ऊन येत होतं आणि कानाची पाळी आतून पेटल्यासारखी दिसत होती. तो लाल रंग ब्रशनं लावलेला नसतो, त्याचं गणित करावं लागतं.

आमच्या घरी शोकेसमध्ये प्लॅस्टिकच्या द्राक्षांचा एक जुना घड आहे. शेजारी तासगावहून आलेली माणिकचमन ठेवली, तर खोलीच्या दुसऱ्या टोकावरूनही खरी कुठली ते कळतं. रंग तोच, आकार तोच. फरक एवढाच, की जाड प्लॅस्टिकवर पडलेला उजेड जिथं पडतो तिथूनच परततो. खऱ्या द्राक्षात तो आत शिरतो, गरात हजार धडका खातो आणि भलत्याच ठिकाणाहून बाहेर येतो. कातडी, दूध, संगमरवर यांचंही तसंच. कातडीत निळा-हिरवा उजेड लवकर संपतो, कारण रक्तातलं हिमोग्लोबिन तो गिळतं. लाल उजेड काही मिलिमीटर तग धरतो. कानाची पाळी तेवढीच जाड, म्हणून ती लाल. आपल्या नाटकवाल्या गावात हे वेगळं सांगायला नको: सफेद्याचा जाड थर दिला की चेहरा मुखवट्यासारखा दिसतो, कारण उजेड आत जातच नाही.

सुरुवातीच्या संगणकीय चित्रपटांत सगळेच असे सफेदा लावलेले. १९८८च्या 'टिन टॉय' या लघुपटाला ऑस्कर मिळालं, पण त्यातलं बाळ आजही बघवत नाही. १९९५ साली पूर्णपणे संगणकावर बनलेला पहिला मोठा चित्रपट, 'टॉय स्टोरी', आला. त्यात नायकच प्लॅस्टिकचे! माणसं मोजकी आणि जरा मेणाचीच. पोरांना त्याचं काही वाटलं नाही, जगभर गर्दी झाली. पण कष्ट किती? १,१४,२४० चित्रं, संगणकाचे सुमारे ८ लाख तास. म्हणजे एका चित्रामागं सरासरी ७ तास. एकाच यंत्रावर हे काम काढलं असतं, तर ९१ वर्षं लागली असती.

आणि हे प्लॅस्टिकसाठी. कातडीतल्या प्रत्येक किरणाच्या प्रत्येक धडकेचा हिशेब ठेवायचा, तर पोरगा गुहेबाहेर यायच्या आत निर्माता म्हातारा झाला असता. २००१ साली संगणकशास्त्रज्ञ हेन्रिक वान येन्सेन आणि सहकाऱ्यांनी यातून जी वाट काढली, ती मला फार आवडते. खूप धडका झाल्या की किरण कुठल्या दिशेनं आला होता हे उरतच नाही. उदबत्तीचा वास खोलीत पसरावा तसा उजेड नुसता पसरत जातो. मग एकेक किरण कशाला मोजायचा? कातडीखाली थोड्या खोलीवर एक काल्पनिक दिवा ठेवायचा. पण पृष्ठभागातून निसटलेला उजेड परत आत येत नाही, ही अट पाळायला हवी. त्यासाठी कातडीच्या वर, हवेत, दुसरा दिवा टांगायचा, आणि तो 'उणे' दिवा, उजेड वजा करणारा! दोघांची बेरीज पृष्ठभागाच्या किंचित वर शून्य होईल अशा बेतानं. बी.एस्सी.ला विद्युतभारांची गणितं सोडवताना आरशापलीकडे खोटा भार ठेवतात, तीच ही युक्ती. मग दोन दिव्यांपासूनची अंतरं काढा, दोन घातांकी पदं जोडा, झालं. ज्यांचं बोट इथं सुटलं त्यांनी पुढच्या परिच्छेदात पकडावं. ही कल्पना आली वैद्यकीय भौतिकशास्त्रातून. शरीरात उजेड किती आत जातो, हे तिथं आधीच मोजत होते. २००४ साली ऑस्कर अकादमीनं येन्सेन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांना तांत्रिक पुरस्कार दिला.

एक फुकटचा सल्ला: तळहातामागं टॉर्च लावून "ही तुमची प्राणऊर्जा" असं कुणी दाखवलं, तर खिशाला हात लावू नका. ते रक्त आहे, आणि दुकानदाराचंही तेवढंच लाल आहे. काकांच्या एआयनं कानाचं चित्र काढता येईल, नाही असं नाही. पण ते शिकतं आधी काढलेल्या लाखो कानांवरून. हे दोन दिवे कुणीतरी कागदावर मांडले होते.

त्या रात्री भाच्यानं मोबाइलचा टॉर्च घेऊन घर पालथं घातलं. द्राक्ष अख्खं उजळलं, शोकेसमधलं प्लॅस्टिक काळं ढिम्म. सोललेली लसूण उजळली, दुधाचा पेला उजळला, बटाटा नापास. मग तो हळूच टीव्हीसमोर बसलेल्या आजीच्या मागं गेला.

"कानामागं काय धरलंयस रं, भाजतंय की मला!"

"हल्लू नको आजी, तू पिक्चरमधल्यासारखी दिसायलीस."