ट्रफल-शोध

जमिनीखाली झाडांच्या मुळांशी वाढणाऱ्या ट्रफल या खाद्य कवकाच्या गाठी शिकवलेल्या कुत्र्याच्या (पूर्वी डुकरिणीच्या) नाकावर हुडकून लहान अवजाराने उकरून काढण्याचा दक्षिण युरोपातील व्यवसाय. इटलीतील पिएमोंते, मार्के, उंब्रिया, तोस्काना, आब्रुत्सो व मोलिसे, फ्रान्समधील पेरिगोर, केर्सी व प्रोव्हाँस, स्पेनमधील तेरुएल आणि क्रोएशियातील इस्त्रिया ही त्याची प्रमुख क्षेत्रे होत. ट्रफल शोधण्या-काढण्याचे इटलीतील पारंपरिक ज्ञान युनेस्कोने डिसेंबर २०२१ मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या प्रातिनिधिक यादीत घातले. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः इटलीतील आणि त्या अनुषंगाने फ्रान्समधील पद्धतीचा विचार केला आहे.

कवक व हंगाम : ट्रफल हे ट्यूबर प्रजातीतील धानीकवक, म्हणजे ज्याचे बीजुक (प्रसाराचे सूक्ष्म कण) धानी या पिशवीत तयार होतात असे कवक. त्याचे तंतू ओक, हेझल, पॉप्लर, विलो, लिंडन यांसारख्या झाडांच्या बारीक मुळांभोवती आवरण करून राहतात. झाडाकडून शर्करा घेतात व त्याला पाणी आणि खनिजे पुरवतात. गाठ ही या कवकाचे फळ. अळंबीप्रमाणे ती जमिनीवर येत नसल्याने तिचे बीजुक वाऱ्यावर उधळले जात नाहीत. कोणीतरी प्राण्याने वासावर येऊन ती खाल्ली, तरच प्रसार होतो. म्हणून बीजुक पक्व होईपर्यंत गाठीला जवळजवळ वास नसतो आणि पक्व होताच तो झपाट्याने वाढतो. शोधाची सारी पद्धत या एका गोष्टीवर उभी आहे.

व्यापारात तीन जाती महत्त्वाच्या. पांढरा ट्रफल (ट्यूबर मॅग्नेटम) फिकट पिवळट, गुळगुळीत सालीचा असून त्याच्या गरात नाजूक पांढऱ्या शिरा असतात. तो पिकवणे अवघड असल्याने आजही बहुतांशी रानातूनच येतो. काळा ट्रफल (ट्यूबर मेलॅनोस्पोरम) बारीक काळ्या पुटकुळ्यांचा, आतून जांभळट काळा. उन्हाळी ट्रफलची (ट्यूबर इस्टिव्हम) साल मोठ्या, मनोऱ्यासारख्या टोकदार उंचवट्यांची, गर तपकिरी आणि वास मंद. इटलीच्या १९८५ च्या कायद्यात पांढऱ्यासाठी १ ऑक्टोबर ते ३१ डिसेंबर, काळ्यासाठी १५ नोव्हेंबर ते १५ मार्च आणि उन्हाळीसाठी १ मे ते ३० नोव्हेंबर असा काळ दिला आहे. प्रांत आपापल्या हवामानाप्रमाणे त्यात फेरफार करतात. काळ्या ट्रफलच्या गाठी वसंताच्या अखेरीस धरतात व हिवाळ्यात पिकतात. मधल्या जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस झाला नाही तर हंगाम बुडतो. मुरलेले शोधक डिसेंबरच्या बाजाराचा अंदाज ऑगस्टमधल्या सरींवरूनच बांधतात.

जागेच्या खुणा : जमीन चुनखडीची, भुसभुशीत व निचऱ्याची, सामू (पीएच) साधारण ७ ते ८.५. पांढऱ्याला ओढ्याकाठची, उन्हाळ्यातही ओल धरणारी जागा मानवते; काळ्याला उघडी, उन्हाची, दगडाळ उतरण. काळ्या व उन्हाळी ट्रफलच्या झाडाखाली गवत जळून गेल्यासारखे गोल उजाड वर्तुळ पडते. कवकातून स्रवणारी द्रव्ये इतर वनस्पतींची वाढ रोखतात असे याचे कारण सांगतात. पांढऱ्याखाली असे वर्तुळ पडत नाही, त्यामुळे तेथे डोळ्यांचा उपयोग फारच थोडा. दुसरी खूण म्हणजे सुइलिया प्रजातीच्या माश्या. त्या पक्व ट्रफलवरच्या मातीत अंडी घालतात. हिवाळ्यातल्या उन्हाच्या दिवशी, सूर्य समोर ठेवून, काठीने जमिनीलगत हळूहळू झाडत गेल्यास माशी सरळ वर उडते व पुन्हा त्याच ठिकाणी बसते, तेथे उकरावे. प्रोव्हाँसमध्ये कुत्रा नसलेले गरीब शेतकरी याच रीतीने ट्रफल काढत. ही रीत मंदगतीची, आणि वारा असेल त्या दिवशी निरुपयोगी.

डुकरीण कशाला भुलते : या व्यवसायातील सर्वाधिक चर्चिलेला प्रश्न हाच. डुकरिणीचा उपयोग जुना आहे. १५ व्या शतकातील इटालियन मानवतावादी प्लातिना याने नोर्चा येथील डुकरिणीचे वर्णन केले असून, शेतकऱ्याने कान कुरवाळताच ती सापडलेला ट्रफल न खाता सोडते असे म्हटले आहे. १९८१ मध्ये क्लाउस, होप्पेन व कार्ग या जर्मन संशोधकांना काळ्या ट्रफलमध्ये अँड्रोस्टेनॉल हे स्टेरॉइड आढळले. हेच द्रव्य वराहाच्या वृषणात तयार होऊन त्याच्या लाळेत उतरते आणि माजावरच्या मादीला आकर्षित करते. यावरून डुकरिणीला ट्रफलमध्ये नराचा वास येतो हे मत रूढ झाले व पाकशास्त्राच्या पुस्तकांतून ते अजूनही ठामपणे सांगितले जाते. मात्र फ्रेंच संशोधक तालू व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये प्रत्यक्ष जमिनीत चाचणी घेतली. खरा ट्रफल, ट्रफलचा कृत्रिम सुवास, डायमिथिल सल्फाइड आणि अँड्रोस्टेनॉल वेगवेगळ्या जागी पुरून जनावरे सोडली. जनावरांनी पहिल्या तिन्ही जागा उकरल्या, अँड्रोस्टेनॉलच्या जागेकडे मात्र लक्ष दिले नाही. डायमिथिल सल्फाइड हे अतिबाष्पनशील गंधकी द्रव्य मातीच्या थरातून सहज वर येते. स्टेरॉइडचे बाष्पन त्यामानाने फारच कमी. शिवाय कुत्रा, माशी व रानडुकराचा नरही त्याच गाठीकडे येतो, हे नराच्या वासाच्या उपपत्तीने उलगडत नाही. गंधकी द्रव्याचा वास जनावराला ओढतो हे दुसरे मत त्यामुळे अधिक ग्राह्य वाटते. नराऐवजी मादी वापरण्याचे कारण व्यावहारिक असावे : वराह आवरायला कठीण, आणि पिलांसाठी माद्या घरी असतच.

पांढऱ्या ट्रफलच्या वासात बिस-मिथिलथायो-मीथेन हे गंधकी द्रव्य प्रमुख असते. बाजारातील बहुतेक ‘ट्रफल तेला’त हेच द्रव्य कृत्रिमरीत्या बनवून मिसळलेले असते. वासाचा काही भाग गाठीत राहणारे जीवाणू तयार करतात, असेही अलीकडच्या संशोधनातून दिसते. एकाच रानातील दोन गाठींचा वास वेगळा का, याचे उत्तर अंशतः येथे असू शकेल.

कुत्र्याची तयारी : इटलीत सुमारे १८ व्या शतकापासून कुत्र्याने डुकरिणीची जागा घेतलेली दिसते. डुकरीण ट्रफल स्वतः खाते, नाकाडाने मुळे उखडते आणि सोबत घेऊन फिरल्यास धन्याचा बेत गावाला कळतो. कुत्र्याला ट्रफलची हाव नसते. त्याला हवा असतो पावाचा तुकडा. लागोत्तो रोमान्योलो ही दाट कुरळ्या केसांची जात यासाठी प्रसिद्ध आहे. मूळची ती पो नदीच्या मुखाकडील दलदलींत पाणपक्षी आणणारी. दलदली आटवल्यावर ट्रफलकडे वळली. तरी बहुसंख्य शोधक मिश्र जातीचे कुत्रेच पसंत करतात. नाक, चिकाटी आणि शिकारीच्या मागे न धावण्याचा स्वभाव हे तीन गुण पाहतात. ससा दिसताच पळणारा कुत्रा कितीही तीव्र नाकाचा असला तरी कामाचा नाही.

शिक्षण दोन-तीन महिन्यांच्या पिलापासून सुरू होते. आधी कापडात बांधलेला किंवा छिद्रे पाडलेल्या डबीत घातलेला ट्रफल फेकून आणायला लावतात. मग तो गवतात लपवतात, पुढे दोन-तीन बोटे खोल पुरतात व हळूहळू खोली आणि पुरल्यापासूनचा वेळ वाढवतात. वेळ महत्त्वाचा, कारण ताज्या पुरणीत कुत्रा ट्रफलऐवजी नुकत्या उकरलेल्या मातीचा व माणसाच्या हाताचा वास शिकतो. हातमोजे घालावेत, काही खड्डे नुसतेच खणून बुजवावेत. कृत्रिम तेलाने शिकवलेला कुत्रा एकाच द्रव्यावर विसंबतो व रानात गोंधळतो. सडक्या गाठीने शिकवलेला सडक्याच शोधतो. प्रत्येक सापडीला खाऊ लगेच, गाठ सोडताक्षणी द्यावा. उशीर झाला की कुत्रा गाठ चावू लागतो. शिकवलेल्या कुत्र्याबरोबर नवा कुत्रा एक हंगाम फिरवला की उरलेले शिक्षण तोच देतो.

काढण्याची रीत : कुत्र्याला वारा समोरून येईल असे, झाडाभोवती नागमोडी फिरवतात. नाक जमिनीला लागून चाल मंदावली, शेपटी भराभर हलू लागली आणि पुढच्या पायांनी उकरणे सुरू झाले की शोधक धावत जाऊन त्याला छातीशी धरून थांबवतो. नखाचा ओरखडा पडलेल्या गाठीची किंमत तेथेच उतरते. उकरलेल्या जागेची मूठभर माती घेऊन हुंगतात. वास असेल तरच पुढे जातात. अवजार म्हणजे वांगेत्तो, लांब दांड्याची अरुंद पात्याची छोटी कुदळ. ते गाठीच्या वर न घालता बाजूने तिरपे घालून माती सोडवतात. गाठीची साल दिसल्यावर अवजार ठेवून बोटांनीच कडा मोकळ्या करतात, कारण गाठ बहुधा मुळांच्या पेचात वेडीवाकडी वाढलेली असते व ओढल्यास तुटते. काळा ट्रफल साधारण ५ ते ३० सें.मी.वर मिळतो, पांढरा बरेचदा त्याहून खोल. मग कुत्र्याला खाऊ देऊन खड्डा त्याच मातीने बुजवतात, हाताने दाबतात आणि वर पाचोळा पसरतात. उघडा राहिलेला खड्डा मुळे व कवकतंतू वाळवतो. ती जागा पुढे नापीक होते. शेजाऱ्याला जागा कळू नये हा हेतूही त्यात असतो.

दाताळ्याने सरसकट जमीन खरवडल्यास पक्व-अपक्व सगळ्याच गाठी वर येतात. मातीतून सुटलेली कच्ची गाठ पुढे पिकत नाही आणि वास नसल्याने तिला चवही नसते. त्याबरोबर तंतुजाळही तुटते. हाताला येणारी गाठ पक्व आहे की नाही हे वरून डोळ्याला कळत नाही. ते नाकालाच कळते. इटलीच्या कायद्याने कुत्र्याशिवाय शोध आणि कुत्र्याने जेथे सुरुवात केली त्या जागेबाहेर खणणे निषिद्ध केले आहे, ते याच कारणाने. ती अट पाळली गेली नाही तर बाकीच्या अटींना फारसा अर्थ उरत नाही.

पिएमोंतेतील शोधक, तेथील बोलीत त्रिफुलाऊ, रात्री कंदील घेऊन निघत असत. रात्री हवा दमट व स्थिर, कुत्र्याचे लक्ष विचलित करणारे काही नाही, आणि वाटेवर कोणी पाहणारे नाही. अंधारात दिसावा म्हणून पांढऱ्या कुत्र्याला पसंती. राष्ट्रीय कायद्यात रात्रीचा शोध वर्ज्य असून प्रांताला सवलत देता येते.

काढल्यावर गाठ धूत नाहीत. मऊ ब्रशने माती झटकतात. शोषक कागदात गुंडाळून बंद बरणीत २ ते ४ अंश सेल्सिअसला ठेवतात व कागद रोज बदलतात. पांढरा आठ-दहा दिवस, काळा सुमारे दोन आठवडे टिकतो. दंवाने गोठलेली गाठ वितळल्यावर मऊ व पाणचट होते.

कायदा व बाजार : इटलीत जंगलात व पडीक जमिनीत शोध सर्वांना खुला आहे, त्यासाठी वयाची १४ वर्षे पूर्ण हवीत, परीक्षा उत्तीर्ण होऊन ओळखपत्र घ्यावे लागते. लागवडीच्या किंवा राखलेल्या ट्रफल-रानात मालकाचा हक्क. तेथे जमिनीपासून किमान २.५ मी. उंचीवर राखीवपणाच्या पाट्या लावाव्या लागतात. फ्रान्समध्ये ट्रफल जमीनमालकाचा. जागांवरून वैर जुने असून दुसऱ्याच्या कुत्र्यासाठी रानात विषारी आमिष टाकण्याचे प्रकार इटलीत आजही घडतात. म्हणून शोधक आपल्या कुत्र्याला मुसके घालून नेतात. आल्बा (पिएमोंते), आक्वालान्या (मार्के), लालबांक व रिशराँश (फ्रान्स) येथील बाजार प्रसिद्ध आहेत. २००७ मध्ये तोस्कानातील सुमारे १.५ किग्रॅ. वजनाचा पांढरा ट्रफल ३,३०,००० डॉलरना लिलावात गेला. अशा किमती रोजच्या बाजाराच्या निदर्शक नव्हेत.

इतिहास : ग्रीक लेखक प्लूटार्कने ट्रफल मेघगर्जनेतून उपजतात या समजुतीची चर्चा केली आहे, रोमन लेखक प्लिनीने नाणे आत अडकलेली गाठ चावणाऱ्या रोमन अधिकाऱ्याची हकीकत दिली आहे. हे प्राचीन उल्लेख आजच्या युरोपीय ट्रफलचे होत की उत्तर आफ्रिका व पश्चिम आशियातील वाळवंटी ट्रफलचे (टर्फेझिया व संबंधित प्रजाती), याविषयी एकमत नाही. आफ्रिकेचा वारंवार निर्देश आणि वासाच्या वर्णनाचा अभाव पाहता दुसरा पर्याय अधिक संभवनीय दिसतो. काळ्या ट्रफलचे शास्त्रीय वर्णन व्हित्तादिनी या इटालियन कवकतज्ज्ञाने १८३१ मध्ये केले. ए. बी. फ्रांक या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने प्रशियात ट्रफल पिकवता येईल का याचा शोध घेताना मुळे व कवक यांचे सहजीवन ओळखले (१८८५). लागवडीचे श्रेय सामान्यतः प्रोव्हाँसमधील झोझेफ तालाँ (१८१० च्या सुमारास) यास देतात. त्याने ट्रफलच्या ओकाखालची फळे पेरली एवढेच निश्चित. पद्धतशीर लागवड कार्पांत्रा येथील ओग्युस्त रूसो याची म्हणणे अधिक योग्य. त्याने आपले पीक १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात मांडले. कवक लावलेली रोपे १९७० च्या दशकात फ्रान्समध्ये तयार झाली. पहिल्या महायुद्धानंतर गावे ओस पडली, चराई थांबली व राने दाट होऊन सावली वाढली. फ्रान्सचे उत्पादन त्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या तुलनेत अगदी थोडे उरले आहे.

आशियाई जाती : ट्यूबर इंडिकम या जातीचे वर्णन कुक व मॅसी या ब्रिटिश कवकतज्ज्ञांनी १८९२ मध्ये मसुरीच्या परिसरातील नमुन्यांवरून केले. चीनच्या युन्नान व सिचुआन भागांतून ती १९९० च्या दशकापासून युरोपात जाऊ लागली. दिसायला काळ्या ट्रफलसारखी, वासाने दुबळी. मिसळून फसवणूक होते. सूक्ष्मदर्शकाखाली बीजुकांवरील काटे पाहून फरक कळतो. ती इटलीतील एका लागवडीत मुळांवर आढळल्याचे २००८ मध्ये प्रसिद्ध झाल्याने स्पर्धेची भीती व्यक्त होते.

मध्य भारतातील सालवनांत पावसाच्या सुरुवातीस मिळणारा बोडा (बस्तर) किंवा रुगडा (झारखंड) हा अ‍ॅस्ट्रेअस प्रजातीचा असून ट्रफलशी त्याचे वर्गीकरणात्मक नाते नाही. त्याला कुत्रा लागत नाही. साल वृक्षाखालची ओली माती काठीने खरवडून स्त्रिया तो वेचतात, आणि आतला गर पांढरा आहे तोवरच तो खाण्याजोगा असतो.