वृंदगायन, बरोक व अभिजात (शालेय)

बरोक (सु. १६००–१७५०) आणि अभिजात (सु. १७५०–१८२०) कालखंडांतील पाश्चात्त्य वृंदरचना माध्यमिक शाळेतील मुलामुलींकडून बसवून घेण्याची पद्धती. कालमर्यादा सोयीपुरत्या मानाव्यात. प्रस्तुत नोंदीत कोल्हापूरसारख्या, पेटी व आकार यांवर गळे तयार होणाऱ्या गावाच्या अंगाने विचार केला आहे.

वृंदात किती गळे असावेत, हा सर्वांत वादाचा प्रश्न. बरोक रचनाकार योहान झेबास्टिआन बाखने २३ ऑगस्ट १७३० रोजी लाइपसिक नगरपरिषदेला दिलेल्या निवेदनात प्रत्येक वृंदासाठी किमान १२, शक्यतो १६ गायक मागितले. यावरून एकेका आवाजाला तीन-चार गायक असत, असे दीर्घकाळ समजले गेले. संगीतसंशोधक व संचालक जोशुआ रिफ्किन यांनी १९८१ मध्ये याला छेद दिला. त्यांच्या मते हा आकडा हाताशी असलेल्या मुलांचा आहे, एका वेळी गाणाऱ्यांचा नव्हे. सोप्रानो, आल्टो, टेनर व बास (वरून खाली असे वृंदाचे चार आवाज) यांच्या टिकून राहिलेल्या सुट्या प्रती बहुधा एकेकच आहेत, म्हणजे कोरसही एकेकानेच गायला. संचालकांपैकी अँड्र्यू पॅरट यांनी हे मत उचलून धरले, टोन कूपमन यांनी नाकारले. कागदोपत्री पुराव्याचे पारडे रिफ्किन यांच्याकडे झुकलेले दिसते. शाळेला मात्र निवेदनातला आकडाच परवडतो. बाखचे गायकही शाळेचीच मुले होती, आणि या दिवसांत मुले वरचेवर आजारी पडतात हे कारण त्यानेच नोंदवले आहे. कोल्हापुरात श्रावणात तालीम घेणाऱ्याला ते वेगळे सांगायला नको.

बरोक रचनांसाठी आज रूढ असलेला ४१५ हर्ट्‌झचा 'ए' (पाश्चात्त्य वाद्ये जुळवण्याचा आधारस्वर) म्हणजे आपल्या पेटीची जवळपास काळी चार. आधुनिक ४४० म्हणजे पांढरी सहा. अर्धा स्वर उतरल्याने सोप्रानो मुलींचा ताण कमी होतो. पेटीचा गांधार समविभागी, म्हणून किंचित चढा असतो. एकत्र गायच्या तीन स्वरांचा (षड्ज, गांधार, पंचम) मेळ पेटी बंद करून तंबोऱ्यावर जुळवावा. तारेतून उमटणारा स्वयंभू गांधारच येथे हवा असतो.

अल्लादियाखाँ (१८५५–१९४६) यांच्या दरबारी वास्तव्यामुळे कोल्हापुरात रुजलेल्या जयपूर गायकीचा मोकळा आकार हँडलच्या 'मसाया'तील (१७४२) लांब तानवजा लडींना उपकारक ठरतो. मींड मात्र आवरावी लागते. चौघांपैकी एक जरी घसरत स्वरावर आला, तरी मेळ गढुळतो.

अभिजात रचनांत मोट्‌सार्टची 'आवे व्हेरुम कॉर्पुस' (केखेल सूचीतील क्र. ६१८, १७९१) आरंभासाठी योग्य. ती बाडेन येथील आंटोन श्टोल याच्यासाठी लिहिलेली, अवघ्या ४६ मात्राखंडांची. पट्टी पांढरी दोन. आवाजाच्या लहानमोठेपणाबद्दल हस्तलिखितात आरंभीची 'दबक्या आवाजात' एवढीच सूचना आहे. समूहगीत खड्या आवाजात म्हणण्याची सवय असलेल्या मुलांना तीच सर्वांत जड जाते.

नववीच्या सुमारास मुलांचे आवाज फुटतात. तेवढ्या काळात बासची ओळ पेटीवर वाजवून भागवावी.