पूमसे : ठाण्यातील तायक्वांदो वर्गांतला एकाग्रतेचा सराव

पूमसे म्हणजे तायक्वांदोमधील अडवण्या, ठोसे आणि लाथा ठरलेल्या क्रमाने, ठरलेल्या रेषांवर, एकट्याने करण्याचा सराव. समोर कोणी नसते. आहे असे धरून चालायचे. कराटेतला काता पाहिलेल्यांना हा प्रकार लगेच ओळखू येईल. ठाण्यात नौपाड्यापासून घोडबंदर रस्त्यावरच्या वसाहतींपर्यंत संध्याकाळी जे वर्ग चालतात, तिथे आईवडील मुलाला घालतात ते बहुतेकदा ‘जरा एका जागी लक्ष लागू दे’ म्हणून. मूल येते ते उंच लाथ मारायला. आईवडिलांना जे हवे असते ते मुख्यतः पूमसेत असते, आणि गॅदरिंगमध्ये टाळ्या पडतात त्या मात्र लाथेला.

तायक्वांदो या नावात ‘ते’ म्हणजे पायाचा मारा, ‘क्वॉन’ म्हणजे मूठ आणि ‘दो’ म्हणजे मार्ग. हे नाव १९५५ मध्ये कोरियात पुढे आले. त्यामागे चोई होंग-ही या लष्करी अधिकाऱ्याचा पुढाकार होता. वर्गांच्या पत्रकांवर ‘दोन हजार वर्षांची परंपरा’ असे छापलेले असते, ते जरा सांभाळूनच घ्यावे. कोरियात पायाच्या खेळांची जुनी परंपरा होती हे खरे, पण आजचा तायक्वांदो घडला तो १९४५ नंतर, आणि त्यावर जपानी कराटेची छाप स्पष्ट आहे. सोलमधील कुक्कीवॉन ही मुख्य संस्था १९७२ ची, जागतिक महासंघ १९७३ चा. ऑलिंपिकमध्ये हा खेळ पदकांसह आला तो २००० च्या सिडनी स्पर्धेत.

वर्ग भरतो सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये, पोडियमवर किंवा शाळेच्या हॉलमध्ये. चपला बाहेर ओळीने, कोड्यासारखे जोडलेले लाल-निळे मॅट, बाजूला पाण्याच्या बाटल्या. ‘चारियत’ म्हटले की सावधान. ‘क्यंगने’ला कमरेतून वाकून नमस्कार. ‘जुनबी’ला, म्हणजे ‘तयार’ म्हटल्यावर, डावा पाय बाजूला, दोन्ही हात छातीपर्यंत वर आणून मुठी बेंबीखाली थांबवायच्या, पोटापासून साधारण मूठभर अंतर ठेवून. कोरियन भाषेत या जागेला ‘दानजन’ म्हणतात. श्वासाचे आणि बळाचे केंद्र तिथे मानले जाते. मग ‘शिजाक’, म्हणजे सुरू, आणि मोजणी : हाना, दुल, सेत, नेत... सतराचा पाढा अडखळत म्हणणारी पोरे हे आकडे झोपेतही म्हणतात.

रंगीत पट्ट्यांसाठी आठ तेगुक पूमसे असतात. प्रत्येकामागे तीन रेषांचे एक चिन्ह आणि त्याचा अर्थ असतो : पहिल्याचा आकाश, दुसऱ्याचा तळे, मग अग्नी, मेघगर्जना, वारा, पाणी, पर्वत आणि शेवटी पृथ्वी. यातली चार चिन्हे, म्हणजे पहिले, तिसरे, सहावे आणि आठवे, दक्षिण कोरियाच्या झेंड्याच्या चार कोपऱ्यांत आहेत. तळ्यांच्या शहरातल्या मुलांना दुसरे पूमसे शिकवताना मासुंद्याचा किंवा उपवनचा दाखला सहज देता येईल. वरून शांत, आत खोल, असाच त्या चिन्हाचा भाव सांगतात.

एकाग्रता नेमकी कुठे घडते ते पहिल्याच पूमसेत, तेगुक इल जांगमध्ये, दिसते. एकूण १८ हालचाली. डावीकडे वळून खालची अडवण, एक पाऊल पुढे टाकून ठोसा, मग पाठीमागे पूर्ण वळून दुसऱ्या बाजूला तेच. ऐकायला सोपे, पण दहा-बारा हालचाली झाल्या की डावे-उजवे गोंधळायला लागते. शेजारच्याकडे तिरका डोळा गेला की पाय चुकलाच, कारण शेजारचाही बऱ्याचदा याच्याकडेच बघत असतो. वळताना आधी नजर, मग शरीर, हा नियम. चांगले सर चुकीवर ओरडत नाहीत. ‘बारो’ म्हणतात, म्हणजे मूळ स्थितीत परत, आणि पुन्हा पहिल्यापासून.

शेवटच्या ठोशाबरोबर ‘किहाप’ची आरोळी होते आणि मागे वळून थांबले की जिथून निघालो तिथेच पाय यायला हवेत. मॅटच्या सांध्यावर उभे राहून सुरुवात केली असेल तर हिशेब लगेच कळतो. वीतभर पुढे आलो म्हणजे मधले कुठलेतरी पाऊल आखूड पडले. कोणते, ते ज्याचे त्याने शोधायचे. ही चूक दाखवायला सरांची गरज लागत नाही, आणि या सरावाचे खरे मोल मला तरी इथेच वाटते.

मानसशास्त्रातील दोन अभ्यास इथे उपयोगी पडतात. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात गुन्हेगारी वळणाच्या ३४ किशोरांचे तीन गट केले होते. नमस्कार, मनन आणि विचारांसह पारंपरिक तायक्वांदो शिकलेल्या गटाचा आक्रमकपणा सहा महिन्यांत घटला. नुसती मारामारी शिकलेल्यांचा कल उलट बिघडला. २००४ च्या दुसऱ्या अभ्यासात शाळेतील सुमारे दोनशे मुलांना तीन महिने साधा व्यायाम किंवा तायक्वांदोवर आधारित प्रशिक्षण दिले. प्रशिक्षण घेतलेल्यांचे स्वतःवरचे नियंत्रण, वर्गातील वागणूक आणि तोंडी गणित सुधारले. मुलांत मुलींपेक्षा जास्त. पहिल्या अभ्यासातली मुले मोजकीच, तेव्हा त्यावर फार मोठा इमला बांधू नये. तरी गुण लाथेचा कमी आणि शिस्तीचा जास्त, एवढे त्यातून दिसते.

ठाण्यातल्या कित्येक वर्गांत नेमकी हीच बाजू आटोपती घेतात. पट्ट्याची परीक्षा जवळ आली की पूमसे घोकून घेतले जाते, परीक्षा झाली की विसरले जाते. शालेय क्रीडा स्पर्धांत तायक्वांदो आहे, ठरावीक पातळी गाठलेल्या खेळाडूंना दहावी-बारावीला सवलतीचे क्रीडागुण मिळतात. त्यामुळे क्योरुगीला, म्हणजे समोरासमोरच्या लढतीला, जास्त वेळ जातो. पूमसेच्याही स्पर्धा होतात : जागतिक स्पर्धा २००६ पासून, आशियाई खेळांत २०१८ पासून. तिथे दहापैकी चार गुण अचूकतेचे. लहान चुकीला ०.१ आणि मोठीला ०.३ वजा.

पंधरा वर्षांखालील मुलाला काळा पट्टा मिळतो तो अर्धा लाल, अर्धा काळा. त्याला ‘पूम’ म्हणतात. पहिल्या दर्जानंतर दुसऱ्यासाठी किमान १ वर्ष आणि तिसऱ्यासाठी आणखी २ वर्षे थांबावे लागते. पण त्याच सुमारास दहावी येते आणि ‘आता अभ्यासावर लक्ष दे’ म्हणून वर्ग बंद होतो. ज्यासाठी मुलाला घातले, तेच कारण सांगून त्याला काढले जाते. सरावाची गोडी लागलेली काही मुले मग घरी हॉलमधला टीपॉय भिंतीला लावतात, पुढे सोफा येतो म्हणून पावले जागच्या जागी घेतात आणि शेवटी खाली बघतात, फरशी तीच आहे ना.